गोटेवाले गुरुजी

नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तरांनी मला खोली दाखवली आणि म्हणाले, "ही खाट तुमची, ती भूगोलाच्या गुरुजींची. त्यांच्या खाटेखाली मात्र हात घालू नका बरं." मी विचारलं, "काऊन?" तर म्हणाले, "गोटे आहेत." आता गोट्याला कोण भितं? वर्धेकडून आलेला, विशीतला, अंगात रग असलेला माणूस मी. ट्रंकेला जागा करावी म्हणून खाटेखालचा एक गोटा ओढला, आणि त्याच्यामागून जो विंचू निघाला तो माझ्या अंगठ्याची ओळख करून घेऊनच गेला. मी अंगणात बोंबलत नाचत होतो, तेवढ्यात एक उंच, सडपातळ, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेला माणूस सायकलवरून उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ आत गेला, गोटा पाहिला, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "तुमी याले ओढलं तं ओढलं, पण कोणत्या बाजूनं ठेवून होता, आठवते का?"

ही आमची पहिली भेट. बरं, माणूस दुष्ट म्हणावा तर तसंही नाही. विंचवाच्या दंशावर पाला चोळला तो त्यांनीच, आणि चोळता चोळता मला सांगितलं की इजिप्तात विंचवाची एक देवी होती, लोक तिची पूजा करत, आणि आकाशातही एक विंचू आहे, उन्हाळ्यात दक्षिणेला दिसतो, नांगीसकट. "तुमचं नशीब चांगलं हाय," म्हणाले, "पह्यल्याच दिवशी भेट झाली." मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

गावात त्यांना सगळे गोटेवाले गुरुजी म्हणत. तोंडावर म्हणत आणि त्यांना त्याचा आनंद होई. त्या वेळी आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत. गोंडपिपरीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला आमची मिडल स्कूल. मास्तर सगळे मिळून पाच, आणि त्यात हे एक. बिऱ्हाड नाही, बायको नाही. शर्टाच्या डाव्या खिशात पितळी होकायंत्र, उजव्या खिशात गाठी मारलेली सुतळी. समोर जे येईल ते मोजायचं. विहिरीचा काठ मोजायचे, देवळाचा उंबरा मोजायचे, एकदा तर बोलता बोलता हेडमास्तरांच्या टोपीचा घेर मोजला. मोजून झालं की वहीत लिहायचं. त्या वह्या गोट्यांच्या शेजारी, त्याच खाटेखाली राहत. त्यांत विंचू नव्हते, एवढाच काय तो फरक.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणसानं आधी वर पाह्यलं, मंग खाली. खाली पाह्यलं आन् तिथंच बिघडलं." पोरगं परीक्षेत नापास झालं तरी हेच, वरण करपलं तरी हेच. वरण त्यांच्याच पाळीला करपायचं, कारण चुलीवर भांडं ठेवून हे अंगणात वर पाहत बसायचे.

शिकवण्याची तऱ्हा तर विचारूच नका. ग्रहमाला शिकवायची म्हणून एकदा सगळा वर्ग मैदानात नेला. सर्वांत जाड्या पोराला मधे सूर्य म्हणून उभं केलं आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती पळवलं. शनीला कमरेला टोपलीचं कडं बांधलेलं. नेमके त्याच दिवशी इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. फाटकातून आत येतात तर शनी त्यांच्या पायाशी भोवळ येऊन पडलेला, आणि गुरुजी ओरडून राह्यले, "ऊठ गा! तू पडला तं विश्वाचं कसं होईन?" साहेबांनी मग वर्गात प्रश्न विचारला, जगातल्या प्राचीन संस्कृती कोणत्या नद्यांच्या काठी झाल्या? पोरं एका सुरात म्हणाली, "नाईल, युफ्रेटिस, सिंधू आणि वैनगंगा!" साहेब म्हणाले, "पुस्तकात वैनगंगा नाही." गुरुजी शांतपणे म्हणाले, "पुस्तक लिहिणारा इकडे आला नाई जी." शेऱ्याच्या वहीत काय लिहिलं गेलं ते हेडमास्तरांनी आम्हाला शेवटपर्यंत दाखवलं नाही.

एकदा पोंभुर्ण्याला बाजाराला गेलो. तिथे एका घराच्या भिंतीवर कुणीतरी पांढऱ्या मातीनं त्रिकोण आणि ठिपके काढलेले. गुरुजी थबकले ते थबकलेच. असेच त्रिकोण पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांवर सापडले आहेत, असं काहीसं पुटपुटत भिंतीला नाक लावून उभे राहिले. आतून घरमालक आला, "या जी, बसा" म्हणाला, आणि आम्ही बसलो. पोहे आले, चहा आला. गुरुजींनी विचारलं, "हे कोणी काढलं?" मालक म्हणाला, "पोरीनं जी. लय हुशार हाय." "तिले बोलवा ना जरा." पोरगी आली, मान खाली घालून उभी राहिली. गुरुजी कळवळून म्हणाले, "बाई, हे तुले कोणी शिकवलं?" तोवर माझ्या ध्यानात आलं की दारामागे सात-आठ बाया जमल्यात आणि एकजण कुंकवाचा करंडा घेऊन उभी आहे. त्यांनी आम्हाला पोरगी पाहायला आलेले पाहुणे समजलं होतं! मी गुरुजींना तिथून कसं काढलं ते मलाच ठाऊक. वाटेत त्यांना सगळं सांगितलं, तर सायकल थांबवून म्हणाले, "असं होय! मले वाटलं, ह्या लोकायले पुरातत्त्वाची आवड हाय."

तर असा हा माणूस. आता जंगलातल्या अकरा गोट्यांचं सांगतो.

आमच्या गावापासून दोन कोसांवर जंगलात गोंडांचा एक टोला होता, पंधरा-वीस घरांचा. टोल्याच्या मागे मोकळा माळ, आणि त्या माळावर अकरा गोटे एका ओळीत उभे. काही कमरेएवढे, काही माणसाएवढे. शेवटचा सर्वांत उंच. गुरुजींना हे गोटे दिसले आणि त्यांचा जन्म तिथेच गुंतला. दर रविवारी सायकल तिकडे. सहा वर्षं! मी आलो ते त्यातल्या पहिल्याच वर्षी, म्हणून बहुतेक रविवार मलाही घडले. ते सुतळी धरत, मी दुसरं टोक धरी. त्यांचा सिद्धांत असा, की ही अकरा गोट्यांची ओळ म्हणजे प्राचीन वेधशाळा. पहिल्या गोट्यापाशी उभं राहून पाहिलं, तर वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्य बरोबर शेवटच्या गोट्यामागून उगवतो. कुणीतरी थोर, ज्ञानी, आता नामशेष झालेले लोक इथे राहत होते, त्यांनी आकाशाचा हिशेब दगडांत मांडून ठेवला आणि ते काळाच्या उदरात गडप झाले. त्या गडप झालेल्यांसाठी त्यांनी जेवढे उसासे टाकले तेवढे कुणी सख्ख्या नातलगांसाठी टाकले नसतील.

टोल्याचा म्हातारा पाटील म्हणजे चैतू मडावी, आमचा चैतूभाऊ. आम्ही गेलो की तो यायचा, आंबील द्यायचा, आणि शेवटच्या उंच गोट्याच्या सावलीत आमच्याशी बिडी ओढत बसायचा. गुरुजी त्याला विश्वाची उत्पत्ती समजावून सांगत. एका संध्याकाळी उत्तरेकडे बोट दाखवून म्हणाले, "ते पाहा चैतूभाऊ, सप्तर्षी. सात ऋषी बसून हायेत." चैतूभाऊनं डोळे बारीक करून पाहिलं. "ऋषी नाई जी. ते खाट हाय म्हातारीची. आन् मांगं तीन चोर, खाट न्यासाठी." "बरं बरं," गुरुजी म्हणाले, आणि पुढे बाबिलोनच्या खाल्डियन ज्योतिष्यांबद्दल सांगू लागले. मला वाटलं होतं, चोरांचं पुढे काय झालं ते विचारतील. नाही विचारलं.

आणि मग सडक आली. टोल्याजवळून नवी सडक निघाली, पुलाच्या मोऱ्यांना दगड लागणार. ठेकेदाराची नजर गेली माळावर. आयता माल, तोही काळा, टणक, वाहतूक शून्य. एका रविवारी जातो तर अकराही गोट्यांवर गेरूनं आकडे टाकलेले, एक ते अकरा. गुरुजी मटकन खाली बसले.

त्यांनी अर्जांचा सपाटा लावला. पहिले अर्ज नागपूरला गेले. तेवढ्यात राज्यांची पुनर्रचना झाली, आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, आणि अर्ज परत आले, आता मुंबईला पाठवा म्हणून. "पाच हजार वर्षं गोटा हलला नाई," गुरुजी म्हणाले, "आन् सरकार पाहा." मुंबईला अर्ज गेले. ठेकेदार मोऱ्या खणत पुढे पुढे सरकत होता. त्या महिन्यात गुरुजींचं जेवण सुटलं. शाळेत शिकवताना मधेच थांबायचे. मी आयुष्यात एका माणसाला दगडांसाठी झुरताना पाहिलं ते तेव्हा, आणि खरं सांगतो, मला हसू आलं नाही.

शेवटी उत्तर आलं. पुरातत्त्व खात्याचे एक जाणकार साहेब दौऱ्यावर या बाजूला येत होते. गुरुजींनी त्यांना विनवून विनवून दिवस ठरवून घेतला, तोच, वर्षातला सर्वांत लहान दिवस. स्थळ प्राचीन आहे असं साहेबांनी लिहून दिलं तर गोट्यांना हात लागणार नाही. नाही लिहिलं तर ठेकेदार तयारच होता. तोही त्या सकाळी माळावर हजर झाला, मुकादम आणि सहा गडी घेऊन, घणांसकट.

पहाटे माळावर धुई अशी दाटलेली की आपलाच हात दिसेना. साहेब कोट कानापर्यंत ओढून उभे. टोल्यातली सगळी माणसं घोंगड्या पांघरून जमलेली. चैतूभाऊ डोक्याला पांढरा फेटा बांधून आलेला. गुरुजी पहिल्या गोट्यापाशी, हातातलं होकायंत्र पुन्हा पुन्हा पाहत. मी जवळ जाऊन म्हटलं, "होईल गुरुजी सगळं नीट." तर म्हणाले, "तुमी जरा बाजूला व्हा, तुमच्यानं सूर्य अडते."

आणि धुई पातळ झाली. आधी लालसर उजेड, मग झाडांची टोकं, मग ती काळी ओळ, एकामागे एक, आणि बाप्पा! सूर्य शेवटच्या उंच गोट्याच्या बरोब्बर मागून वर आला. इकडे नाही, तिकडे नाही. क्षणभर असं वाटलं की गोट्यानंच त्याला खांद्यावर घेतलंय. साहेबांनी डोक्यावरची हॅट काढली. "मास्तर," ते म्हणाले, "हे विलक्षण आहे." त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि सहज म्हणून विचारलं, "इथल्या लोकांत याबद्दल काही सांगतात का?"

चैतूभाऊ पुढे आला. त्याचे डोळे भरून आले होते. मन भरून आलं की तो मराठी विसरायचा. तो त्या उंच गोट्यावर हात ठेवून गोंडीत बोलू लागला, भराभर, एकेका गोट्याकडे बोट दाखवत. मला सहा वर्षांत थोडी गोंडी कळू लागली होती. जे कळलं ते कळलं नसतं तर बरं, असं झालं. गुरुजींना तर गोंडी चांगलीच येत होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

टोल्याबाहेरच्या माणसांत आता दोघांनाच ठाऊक होतं काय झालं ते, मला आणि गुरुजींना. मी गुरुजींच्या कानाशी लागलो. "सांगा, वाडवडिलांपासून ऐकत आलो म्हणतो. फार जुनं आहे म्हणतो. एवढंच सांगा, गुरुजी, पाया पडतो." हे खोटंही नव्हतं, अर्धं होतं. साहेब पेन उघडं धरून उभे. मुकादमाचे गडी घणांवर टेकून उभे. गुरुजींनी एकदा गोट्याकडे पाहिलं, एकदा चैतूभाऊकडे.

मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मराठीत म्हणाले, "तो म्हणते साहेब, हा शेवटचा गोटा माह्या बापाचा. बाप मेला तवा मीच उभा केला, दहा सालं झाले. त्याच्या अलीकडचा आज्याचा. त्याच्या अलीकडचा आज्याच्या बापाचा. पह्यल्या पाचाचे नावं कोणाले मालूम नाई. आमच्यात जो मोठा माणूस मरते, त्याचा गोटा या ओळीत लागते. दिवस जिथून मांगं फिरते, त्या दिशेनं. आन् तो म्हणते, गेरू पाहून टोल्यात सगळे खूश झाले. त्यायले वाटलं, गुरुजीनंच आमच्या वडलायले गेरू लावून मान देल्ला."

साहेबांनी एकदा त्या ओळीकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं. माणूस वाईट नव्हता. "मास्तर, पहिले पाच कदाचित जुने असतील," म्हणाले, "पण खणल्याशिवाय सांगता येणार नाही. दहा वर्षांपूर्वीच्या दगडाला मी प्राचीन कसा म्हणू? तुम्हीच सांगा." आणि हॅट घालून जीपकडे निघाले.

मला त्या क्षणी गुरुजींचा असा राग आला की काय सांगू. सहा वर्षांची मेहनत, माझे दीडशे-दोनशे रविवार, सगळं एका वाक्यात पाण्यात! मी वळून काही बोलणार, तर हा माणूस हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होता. माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवत म्हणाला, "अहो, हे गोटे उभे करनं बंदच पडलं नाई! मी मेलेले समजून रडत होतो, आन् ते मले आंबील पाजून राह्यले होते!" मग चैतूभाऊकडे वळले. "पण भाऊ, सहा सालं मी हे गोटे मोजून राह्यलो. तुमी एका शब्दानं सांगतलं काऊन नाई?"

चैतूभाऊ गोंधळला. "तुमी विचारलंच नाई जी. मले वाटलं, तुमच्यात गोटे मोजाचा नवस असन."

"हो का रे बाबांनो!" मागून ठेकेदार ओरडला. "झालं का तुमचं? मुकादम, अकरा नंबरपासून सुरू करा."

मुकादम म्हणजे पन्नाशीचा, रापलेला, दिवसभर दगडाशी झुंजणारा माणूस. त्यानं घण उचलला, चार पावलं चालला, उंच गोट्यापाशी थांबला. चैतूभाऊ गोट्याला पाठ लावून उभा होता. मुकादमानं त्याला विचारलं, "तुहा बाप?" चैतूभाऊनं मान डोलावली. मुकादमानं घण खाली ठेवला, अगदी हळू, आवाज होणार नाही असा. "ठेकेदार साहेब, देवाचा असता तं नारळ फोडून हात लावला असता. जुना पुराणा असता तं तसाच फोडला असता. कोणाच्या बापावर घण घालणं माह्याच्यानं नाई होत."

"अरे, दगड आहे तो!"

"मंग तुमी मारा जी."

ठेकेदारानं खरंच घण उचलला. पोटसुटला माणूस, घण त्याला पेलवेनाही. सहा गडी, टोल्यातली सगळी माणसं, पाच वर्षांची पोरं, सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्यालाही आपला बाप आठवला असावा. घण टाकला, सगळ्यांना मिळून एक शिवी दिली आणि म्हणाला, "चला, खदानीवर! माझंच नशीब फुटकं." पुढे मोऱ्या खदानीच्या दगडांनीच झाल्या. मला अजून नवल वाटतं. गुरुजी खोटं बोलले असते तर कागद मिळाला असता, पण तो कागद घणाला आडवा आला असता की नाही, देव जाणे. खरं बोलले म्हणून ते मुकादमाच्या कानावर पडलं, आणि गोटे वाचले.

सगळे गेले. ऊन वर आलं होतं, माणसं आपापल्या घराकडे वळली. मी सायकली आणायला निघालो, तर गुरुजी म्हणाले, "तुमी चला पुढं." होकायंत्र त्यांनी खिशात घातलं. चैतूभाऊच्या शेजारी, त्याच गोट्यापाशी मांडी घालून बसले, बिडी शिलगावून त्याला दिली. मी मुद्दाम रेंगाळलो. सहा वर्षांत त्या गोट्याची उंची, रुंदी, कोन, सावली सगळं वहीत चढलं होतं.

"चैतूभाऊ," गुरुजी म्हणाले, "तुमचे बाबा कसे होते?"

चैतूभाऊनं धूर सोडला आणि हसला.

"लय खुळा माणूस जी. कामाले हात नाई लावे. रोज पाहटे उठून या माळावर येऊन बसे, सूर्य कुठून निंगते ते पाहाले. रोज! माय शिव्या दे, पोरं हसत. मरासाठी टेकला तरी त्याले उचलून इथी आणा लागे. आमाले वाटे, असा माणूस दुसरा होनार नाई." त्यानं गुरुजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मंग तुमी आले."